भिंगमास्तरांची साक्ष

माझ्या ऑफिसच्या जिन्याखाली चष्म्याचं एक दुकान होतं. दुकान कसलं, चपलांचं दुकान आणि औषधांचं दुकान बांधून झाल्यावर मध्ये उरलेली फट. दोन गिऱ्हाइकं समोरासमोर आली तर एकाला मागे सरावंच लागे. त्या फटीत चौतीस वर्षं एकच माणूस बसला. सगळा रस्ता त्यांना भिंगमास्तर म्हणायचा.

शाळेशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावताना त्यांचा आवाज असा लागायचा की मोठमोठे अधिकारीसुद्धा पहिलीतल्या पोरांसारखे ताठ बसायचे. "अंदाज नको," ते म्हणायचे. "दिसतंय तेवढंच सांगा. दिसत नसेल तर नाही म्हणा. त्यात लाज कसली?"

अंगाने बुटके, पण बोटं लांब. भिंगाच्या कडा फिरत्या दगडावर घासून घासून नखांच्या कोपऱ्यात पांढरी भुकटी कायमची बसलेली. दोन बुबुळांमधलं अंतर ते तीनदा मोजायचे आणि तिन्ही वेळा सारखं आलं नाही तर चौथ्यांदा. स्वतःला मात्र साठी उलटून गेली तरी चष्मा नव्हता. "आपला माल आपणच वापरत नाही, म्हणजे बघा," अशी थट्टा व्हायची. त्यावर ते हसायचे नाहीत. थट्टा कळायला त्यांना जरा वेळ लागायचा.

दुकानात एक सांध्यासांध्यांचा दिवा होता आणि त्याला बशीएवढं भिंग. त्यामुळे लोक तिथे चष्म्याखेरीजही यायचे. कुणी औषधाच्या खोक्यातला मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद आणायचं, कुणी बँकेचं पत्र, कुणी भाडेकरार. मास्तर सगळं स्पष्ट वाचून दाखवायचे. पुढे काय करायचं असं विचारलं की बोट छताकडे करायचे. "वाचायचं काम खाली. सल्ला वर मिळतो." वर मी. माझी निम्मी वकिली त्या बोटावर चालली असं म्हणायला हरकत नाही.

नर्सबाई त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. मोठ्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. तीन खोल्यांचं घर, मागे कुंड्यांची एक रांग. थोरला मुलगा दूरच्या शहरात पुलांची कामं करणारा इंजिनिअर, वर्षातून एकदा येणारा. धाकटी मुलगी आईजवळच राहिलेली. दवाखान्याच्या रेकॉर्डच्या खोलीत नोकरी, वय अडतीस, लग्न झालेलं नाही.

एका सकाळी नर्सबाई जिना चढून आल्या. मागून त्यांची पिशवी घेऊन मास्तर.

"मला मृत्युपत्र करायचंय," खुर्चीत बसायच्या आधीच बाई म्हणाल्या. "आणि त्यातलं पुढचं सगळं हे बघतील."

मी म्हटलं, "व्यवस्थापक म्हणून मुलाला नाहीतर मुलीला नेमा ना. घरातलं माणूस असलेलं बरं."

"दोघांपैकी एकाच्या हातात लगाम दिला की दुसरं रुसणार. ह्यांच्या हातात द्या. हा माणूस एक मिलिमीटर इकडचा तिकडे करत नाही."

मास्तरांनी मला विचारलं, "व्यवस्थापक म्हणजे नेमकं काय करायचं असतं?"

मी सांगितलं. बाई गेल्यावर मागे काय काय राहिलं त्याची यादी करायची. मूळ मृत्युपत्र कोर्टात द्यायचं. वारसांना नोटीस जाते, पेपरात जाहिरात येते, कुणाची हरकत असेल तर ती ऐकली जाते. साक्षीदार शपथेवर सांगतात की आमच्यादेखत सही झाली. सगळं पटलं की कोर्ट शिक्का मारून देतं की हेच खरं मृत्युपत्र. त्याला प्रोबेट म्हणायचं. तो कागद हातात आला की मग बँक, घर, काय असेल ते ज्याचं त्याला द्यायचं आणि मोकळं व्हायचं.

"म्हणजे निस्तरायचं," मास्तर म्हणाले.

"हो. निस्तरायचं."

"आणि मला काय मिळणार?"

"मनस्ताप," नर्सबाई म्हणाल्या. आम्ही दोघी हसलो. मास्तर थोड्या वेळाने हसले.

मग बाई जरा गंभीर झाल्या. "वकीलबाई, मी पेशंटच्या तोंडावर चादर ओढायच्या आधी भांडणं सुरू झालेली बघितली आहेत. आणि भांडणारी माणसं वाईट नव्हती हो. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं."

"मग तुम्ही मुलांना सांगितलंय?"

"धाकटीला थोडं थोडं. थोरला आला की त्याला सांगेन. फोनवर बोलायच्या गोष्टी आहेत का ह्या?"

मृत्युपत्र बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायचा त्यांचा विचार होता. मी विचारलं, लॉकर कुणाच्या नावावर? एकटीच्या. मग म्हटलं, तुम्ही गेल्यावर लॉकर उघडायला बँक प्रोबेट मागणार, प्रोबेट द्यायला कोर्ट मृत्युपत्र मागणार, आणि मृत्युपत्र असणार लॉकरमध्ये.

"पेटीची किल्ली पेटीत," बाई म्हणाल्या. शेवटी ठरलं की मास्तरांच्या दुकानातल्या लोखंडी कपाटात, महागाच्या भिंगांच्या खणात ठेवायचं.

बाईंचं म्हणणं साधं होतं. शिल्लक दोघांना सारखी. घरही निम्मं निम्मं, पण धाकटीला हवं तोवर तिने तिथे राहावं आणि तोपर्यंत घर विकू नये. मी लिहून घेतलं आणि माझ्या जुन्या नमुन्यावरून मसुदा टाइप करून दिला. आता कबूल करते. चौथ्या कलमात मी लिहिलं, ‘मुलगी अविवाहित असेपर्यंत व तिची इच्छा असेपर्यंत’. पहिले दोन शब्द बाईंनी सांगितलेले नव्हते. नमुन्यात होते, बोटांच्या सवयीने उतरले.

मसुदा घेऊन त्या गेल्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मी म्हटलं, बऱ्या झालात की इथेच या, माझ्यासमोर सह्या करू. मला एका खटल्यासाठी दोन आठवडे परगावी जायचं होतं. परत आले तर मास्तर सही झालेलं मृत्युपत्र घेऊन हजर. बाई थांबल्याच नव्हत्या. "महिनाभरात काय काय होऊ शकतं ते मला नका सांगू, मी वॉर्डात काढलीत तीस वर्षं," असं म्हणून त्यांनी घरीच स्वयंपाकघरातल्या टेबलावर सह्या उरकल्या होत्या. साक्षीदार दोघे. एक मास्तर, दुसरे शेजारचे निवृत्त पोस्टमन.

कागद मी चाळला. चौथ्या कलमात ‘अविवाहित असेपर्यंत व’ एवढ्यावर एक वाकडी रेघ, समासात तिघांच्या सह्या. माझी चूक बाईंनी पकडली होती. मला बरंही वाटलं आणि कानशिलं गरमही झाली.

"त्यांनी स्वतः खोडलं?"

"स्वतः," मास्तर म्हणाले. "मी फक्त कुठून ते बोट ठेवून दाखवलं."

बोट कशाला ठेवावं लागलं, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात नवी स्वच्छ प्रत करू. ‘पुढचा आठवडा’ याइतकी फसवी तारीख कॅलेंडरात दुसरी नाही. बाईंचा डोळा बरा झाला, नवा चष्मा आला, थोरल्याची खेप त्या वर्षी चुकली, त्या मला रस्त्यात दोनदा भेटल्या, दोन्ही वेळा आम्ही कुंड्यांबद्दल बोललो. चौदा महिन्यांनी एका सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या त्या गेल्या.

थोरला आला, चार दिवस राहिला. मास्तर रोज सकाळी जाऊन बसायचे. कुणाला पाणी दे, कुणाला खुर्ची दे, असं करत राहायचे. मृत्युपत्राचा शब्द त्यांनी काढला नाही. बाईंनी मुलाला सांगितलं असेल की नसेल, हेही विचारलं नाही. त्यांच्या मनाने असं घेतलं होतं की व्यवस्थापकाने कुणाच्याही बाजूचं दिसू नये, जे कळायचं ते दोघांना कोर्टातून, एकाच दिवशी, एकाच भाषेत कळावं. धाकटीलाही त्यांनी तोंड बंद ठेवायला सांगितलं. पाचव्या दिवशी थोरला परत गेला आणि सहाव्या दिवशी मास्तर मृत्यूचा दाखला घेऊन माझ्याकडे आले.

मीही त्यांना म्हटलं नाही की अहो, आधी त्या मुलाला एक फोन करा. मीही कागदातच बुडालेली.

अर्ज दाखल झाला. घराची, खात्याची, लॉकरची यादी जोडली. कोर्टाची नोटीस निघाली आणि थोरल्याच्या दारात टपालाने जाऊन पडली. आईची शेवटची इच्छा त्याने कारकुनाच्या भाषेत वाचली. सोबत प्रत, आणि प्रतीत ती वाकडी रेघ.

तिसऱ्या दिवशी तो दुकानात उभा होता. मी जिना उतरत होते, आवाज ऐकून तिथेच थांबले.

"चार दिवस मी त्या घरात होतो," तो म्हणत होता. "तुम्ही रोज माझ्यासमोर बसत होतात. एक अक्षर बोलला नाहीत."

"मला वाटलं, रीतसर कळावं," मास्तर म्हणाले.

"रीतसर! आई माझी गेली आणि तिची इच्छा मला कळली पोस्टातून." त्याने प्रत काउंटरवर ठेवली. "ही रेघ कुणाची? आईची? ऑपरेशनच्या आठवड्यात? रोज फोनवर सांगायची मला, पेपरसुद्धा धाकटी वाचून दाखवते म्हणून. मग हा ‘ध’चा ‘मा’ कुणी केला?"

मास्तरांच्या हातात एक फ्रेम होती, गरम करून वाकवायला घेतलेली. ती थंड होऊन गेली. ते म्हणाले, "रेघ तुमच्या आईचीच आहे."  थोरला निघून गेला आणि महिन्याच्या आत त्याची हरकत दाखल झाली. आईला दिसत नसताना तिच्याकडून सही घेतली, मजकूर मागाहून बदलला, बहीण आणि व्यवस्थापक यांनी संगनमत केलं.

हरकत आली की प्रोबेट लांबतं. तारखा पडत गेल्या. बँकेतलं खातं गोठलेलं, घराला हात लावायचा नाही. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आली आणि धाकटी नुसती बघत बसली. भावाबहिणीचं बोलणं बंद. मास्तरांचंही काम बिघडलं. एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात त्यांनी डावं भिंग उजवीकडे बसवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

साक्षीच्या आदल्या आठवड्यात ते वर आले. चहा नको म्हणाले.

"वकीलबाई, धाकटी आली होती. म्हणते, काका, एवढंच सांगा की आईला वाचण्यापुरतं दिसत होतं. चष्मेवाल्याने सांगितल्यावर कोण नाही म्हणणार?"

"दिसत होतं का?"

"नव्हतं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, तो डोळा अजून स्थिरावलेला नाही, जुना चष्मा निकामी. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू होताच. नवा चष्मा मी सह्यांनंतर सत्तावीस दिवसांनी दिला. वहीत तारीख आहे."

"वही काही कोर्टाने मागितलेली नाही," मी म्हटलं.

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. तेवीस वर्षं वकिली केलेली बाई मी. ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही, एखाद्याला मोठं अक्षरसुद्धा वाचता येऊ नये तेव्हा ते जसे बघायचे तसे.

"मागितलेली नाही," ते म्हणाले. "पण ती आहे."

मी खाली बघितलं. मग म्हटलं, "बरोबर आहे. दिसत नव्हतं हेच सांगा. पण तिथे थांबू नका. त्या दुपारी काय काय झालं ते सगळं सांगा."

"सगळं? बाई बोलल्या त्यातलं बरंच कागदावर नाहीये."

"नसू दे. सगळं."

"आमची ही पण तेच म्हणते. खरं बोलायचं तर पोटभर बोला, अर्धपोटी नको."

कोर्टाची ती खोली उंच खिडक्यांची. बाकं माणसं बसून बसून गुळगुळीत झालेली. पोस्टमनना बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, एका साक्षीदाराचं दुसऱ्याने ऐकू नये म्हणून. एका बाजूला धाकटी, दुसऱ्या बाजूला थोरला, मध्ये चार रिकाम्या खुर्च्या.

थोरल्याच्या वकिलांनी आडवळण घेतलंच नाही. "त्या दिवशी बाईंना मृत्युपत्रातली अक्षरं दिसत होती का?"

"नाही," मास्तर म्हणाले.

धाकटीने डोळे मिटून घेतले.

"तुम्ही स्वतः चष्म्याचे जाणकार. नक्की सांगता?"

"नक्की. तळहाताएवढी अक्षरं दिसली असती. ही नाही."

"म्हणजे त्यांनी न वाचता सही केली."

"हो. वाचलं नाही. ऐकलं."

"वाचून दाखवलं असं मृत्युपत्रात कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं."

वकील समाधानाने बसले. न्यायाधीशांनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "ऐकलं म्हणजे काय झालं? नीट सांगा."

मास्तरांनी सांगायला सुरुवात केली. दुपारचे तीन वाजले होते. बाईंनी टेबल पुसून घेतलं आणि म्हणाल्या, एकेक कलम वाचा आणि थांबा. ते वाचायचे, थांबायचे, आणि बाई तेच आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायच्या. "वॉर्डात डॉक्टरांनी तोंडी औषध सांगितलं तर नर्सने ते आधी परत म्हणून दाखवायचं असतं, मगच सुई भरायची. मला म्हणाल्या, ही तसलीच सुई आहे, मास्तर. तीन कलमं अशी झाली. चौथ्याला म्हणाल्या, परत वाचा. मी वाचलं. म्हणाल्या, हे ‘अविवाहित’ कुणी घुसवलं? मी म्हटलं, वकीलबाईंनी असेल. तर म्हणाल्या..." मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. "सांगू का?"

"सांगा," न्यायाधीश म्हणाले.

"म्हणाल्या, वकीलबाईंना अक्कल गहाण ठेवायला सांगितली होती का? पोरीने घर टिकवायचं तर लग्न करायचं नाही, आणि लग्न केलं तर घर सोडायचं? मी घर लिहून देते की कैदखाना? खोडा ते."

खोलीत हशा पिकला. मी टेबलावरचे कागद नीट लावत बसले.

"मी खोडायला गेलो तर हात धरला माझा. म्हणाल्या, माझ्या हाताने. मग पोस्टमननी खिशातून एक कोरं कार्ड काढलं, त्याची कड मी ओळीखाली धरली, सुरुवातीला बोट ठेवलं, आणि बाईंनी रेघ मारली. शेवटी कार्ड सरकलं म्हणून ती खाली गेली. स्वतःवरच हसल्या. म्हणाल्या, अंधारात नाड्या मोजल्या मी, आणि एक रेघ येईना. मग समासात तिघांनी सह्या केल्या, आणि शेवटी मुख्य सही."

ते थांबले. मग म्हणाले, "पुढे बाई मुलाबद्दल बोलल्या. ते मृत्युपत्रात नाहीये."

थोरल्याचे वकील उठले. याचा इथे संबंध नाही, म्हणाले. न्यायाधीशांनी हाताने त्यांना बसायला सांगितलं.

"म्हणाल्या, थोरल्याला वाटेल, आईने धाकटीला झुकतं माप दिलं. त्याला सांगेन मी, बाबा, ती राहिली म्हणून तू जाऊ शकलास. हे तुझ्या लक्षात नाही आलं, आणि येऊ नये अशीच माझी इच्छा होती. तरी चिडेल तो. चिडला की लहानपणी घड्याळं उघडून बसायचा. म्हणावं, उघड हवं तर, पण स्क्रू बशीत ठेव."

थोरला बसल्या जागी पुढे वाकला. कोपर गुडघ्यांवर, चेहरा तळहातात. त्याच्या वकिलांनी काहीतरी विचारलं, त्याने मान हलवली, काय ते कुणालाच कळलं नाही.

मग पोस्टमन आत आले. त्यांनी तीच हकीकत त्यांच्या पद्धतीने सांगितली. त्यांच्या मते दोन वाजले होते. मला बाईंनी घातलेल्या शिव्यांत त्यांनी दोन शब्दांची भर घातली. पण परत म्हणून दाखवणं तेच, कार्ड तेच, आणि बशीही तीच. "आम्ही म्हटलं, बाई, कसले स्क्रू? तर म्हणाल्या, त्याला कळेल."

जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या लांब पडवीत थोरला मास्तरांसमोर येऊन उभा राहिला.

"हे तुम्ही मला त्या चार दिवसांत का नाही सांगितलं?"

"कागदावर नव्हतं म्हणून," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, मला नेमलंय ते कागदापुरतं. चुकलं माझं."

"वर्ष गेलं, काका."

"हो. गेलं."

थोरला वळला. मग पाण्याच्या पिंपाकडे गेला, स्वतः प्यायला आणि एक पेला भरून मास्तरांना आणून दिला. पुढच्या तारखेला त्याने हरकत मागे घेतली. सात आठवड्यांनी प्रोबेट हातात आलं, कोर्टाच्या शिक्क्याचं, मागे मृत्युपत्राची प्रत जोडलेलं. वाकड्या रेघेसकट.

भाऊबहीण एकमेकांच्या गळ्यात पडले असं काही झालं नाही. वर्षभराचा अबोला असा एका दिवसात विरघळत नाही. खातं मोकळं झालं, लॉकर उघडला, भिंतीची ओल काढली. आणि मग खरी अडचण आली ती यादीत नसलेल्या वस्तूंची. नर्सबाई एप्रनला उलटं टांगायच्या ते छोटं घड्याळ. मृत्युपत्रात त्याचा उल्लेख नाही, बाजारात त्याला कुणी विचारणार नाही, आणि दोघांनाही तेवढंच हवं. मास्तरांनी दोन रविवार दोघांना त्या स्वयंपाकघरात समोरासमोर बसवलं. बाकी सगळं पाळीपाळीने निवडून झालं, घड्याळ राहिलं. शेवटी ठरलं, सहा महिने याच्याकडे, सहा महिने तिच्याकडे. असली व्यवस्था टिकत नाही असं मी मास्तरांना सांगितलं होतं. अजून टिकली आहे. ते घ्यायला आणि पोचवायला म्हणून थोरला आता वर्षातून दोनदा येतो.

हे सगळं उरकल्यावर मास्तर एकदा वर आले आणि म्हणाले, "आता माझं करा."

त्यांना दोन मुली. दोघी नोकरी करणाऱ्या, संसारी. मसुदा झाल्यावर सही करायच्या आधी त्यांनी दोघींना रविवारी जेवायला बोलावलं, मलाही. जेवणं झाल्यावर ताटं बाजूला सारून ते उभे राहिले आणि सगळं मृत्युपत्र मोठ्याने वाचलं. घर बायकोला. शिल्लक बायकोला, नंतर दोघींना सारखी. दुकान थोरलीला, कारण लहानपणी ती तिथे बसून अभ्यास करायची.

"बाबा, मला दुकान नको," थोरली म्हणाली.

रडारड होईल, धाकटी लेक रुसेल, अशा सगळ्याची तयारी मास्तरांनी केली होती. याची नव्हती.

"तेहतीस वर्षं झाली त्याला," ते म्हणाले.

"म्हणूनच नको. मी ते महिनाभरात विकून टाकीन आणि मग जन्मभर मला टोचत राहील. त्यापेक्षा तुम्हीच विका. तुमच्या डोळ्यांदेखत, तुम्हाला पटेल त्या माणसाला."

ते खाली बसले. नळाचं पाणी गळत होतं. त्यांच्या बायकोने उठून नळ घट्ट केला. "मी गेली पाच वर्षं तेच म्हणतेय," ती म्हणाली, "पण माझं कोण ऐकतो?"

पुढच्या वर्षी दुकान विकलं गेलं. एका शिकलेल्या, चटपटीत बाईने घेतलं. नंबर काढायला तिच्याकडे यंत्र आहे. मास्तर पहिले तीन महिने रोज जायचे, नंतर आठवड्यातून एकदा, आता तिने बोलावलं तर. त्यांच्या मृत्युपत्राचा नवा मसुदा मी करून नेला तेव्हा तो एकाच पानात बसला होता. या वेळीही मुलींना बोलावलेलं. थोरलीने मान डोलावली. धाकटीने पान उलटून मागे बघितलं.

"बाबा, एवढंच?"

"कागदावर एवढंच. बाकीचं विचार ना, मी समोर बसलोय."

तिने आईकडे बघितलं, मग बापाकडे. "विचारू? आजोबांशी तुम्ही दहा वर्षं का बोलत नव्हतात?"

मास्तरांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. मी माझी पिशवी उचलली आणि निघाले. ते माझ्या ऐकण्याचं नव्हतं.